शंख आधी, भोंगा मागून

२१ डिसेंबर १९४२, सोमवार

काल रात्री कलकत्त्यावर बाँब पडले. मी अजिबात घाबरले नाही असं लिहायला बसले होते, पण ही वही वाचणार कोण? खरं असं की जिन्याखालच्या कोनाड्यात मी पिशीच्या, म्हणजे आत्याच्या, पदरात तोंड खुपसून बसले होते आणि पिशी माझी पाठ थोपटत दुर्गेचं नाव घेत होती. स्फोट लांब झाले, तरी जिन्याची माती आमच्या डोक्यात पडली. बाबा हवाई हल्ल्यांसाठी नेमलेले वॉर्डन, म्हणून ते पत्र्याची टोपी घालून बाहेर. ते परत येईपर्यंत पिशीने एकदाही मला ‘घाबरट’ म्हटलं नाही, यावरून तीही घाबरली असणार.

आज सकाळपासून आमची गोलकदास लेन रिकामी होते आहे. हातगाड्या, पेट्या, पिंजऱ्यातले पोपट, सगळे हावडा स्टेशनच्या वाटेवर. आई धाकट्याला घेऊन कृष्णनगरला मामाकडे कधीच गेली आहे. मला मॅट्रिकचं निमित्त करून ठेवून घेतलं, शाळा बंद असली तरी. पिशीला जा म्हटलं तर म्हणते, “माझ्या भावाला पाण्याचं आधणसुद्धा ठेवता येत नाही. जपान्यांच्या आधी तो उपाशी मरेल.”

एक गोष्ट लिहून ठेवते. भोंगा वाजायच्या आधी गल्लीत कुणीतरी शंख फुंकला होता. भूकंप झाला की बायका फुंकतात तसा कुणी घाबरून फुंकला असेल, असं वाटलं. पण घाबरायला आधी भोंगा तर व्हायला हवा ना?

२५ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा झालं, आणि पुन्हा! प्रत्येक वेळी शंख आधी, भोंगा मागून. काल तर शंख ऐकून आम्ही कोनाड्यात जाऊन, पाट मांडून, पाण्याचा तांब्या घेऊन बसलो, तेव्हा कुठे पोलीस ठाण्याचा भोंगा रडायला लागला.

हे प्रकरण माझं आहे, असं मी ठरवलं. दत्तांच्या घरची लोणच्याची बरणी कोण रिकामी करतं ते मीच शोधलं होतं (स्वतः दत्तकाका).

आवाज मित्र आडनावाच्या शेजाऱ्यांच्या घरातून येतो, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या. आणि ते घर दुर्गापूजेपासून बंद आहे! मित्र मंडळी मधुपूरच्या बंगल्यात गेली. दाराला एवढं थोरलं कुलूप.

२६ डिसेंबर, शनिवार

गल्लीची सभा झाली. नगेनकाका सरकार अध्यक्ष. कोर्टातून निवृत्त झाले तरी सगळ्यांची उलटतपासणी घेतात.

“विमान येतंय हे भोंग्याच्याही आधी कुणाला कळेल?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “ज्याने ते बोलावलं त्याला!”

बाबा म्हणाले, “नगेनदा, विमान काय घोडागाडी आहे, हाक मारली की यायला?”

“हसा. सिंगापूरचे लोकही हसत होते. गल्लीत हेर आहे, मी सांगतो.”

मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. बाबांनी सांगितलं की शंखामुळे झालंच तर भलं होतंय, फुटपाथवर झोपणारे रिक्षावालेही भोंग्याआधी आडोशाला पोचतात. नगेनकाका म्हणाले, “आधी विश्वास बसवायचा, मग दगा द्यायचा. हेराची रीतच ती.”

२७ डिसेंबर, रविवार

तपासणी केली. मित्रांच्या पुढच्या कुलपावर कोळ्याचं जाळं आहे. म्हणजे पुढून कुणी जात नाही. मागचं दार बोळात उघडतं, तेही बंद. गच्चीवर मात्र नवल दिसलं. आमच्या गच्चीवरून मध्ये फक्त कमरेएवढा कठडा. पलीकडे मित्रांची तुळस हिरवीगार! दोन महिने पाऊस नाही, मग पाणी कोण घालतं?

“मी घालते,” पिशी म्हणाली. ती सांडगे वाळत घालत होती. “इथूनच तांब्याने ओतते. घर बंद आहे म्हणून तुळस तहानलेली ठेवायची?”

झालं. एवढा चांगला पुरावा वाया गेला.

खाली येताना विचारलं, “पिशी, मित्रांच्या शिशिरदाचं काय झालं गं पुढे?” शिशिरदा त्यांचा धाकटा मुलगा. रंगूनला लाकडाच्या व्यापारात होता, तिथेच एका बर्मी मुलीशी लग्न केलं. मित्रगिन्नींनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याची तसबीर भिंतीवरून उतरवली आणि घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली. मग गेल्या वर्षी रंगूनवर बाँब पडले आणि लाखो माणसं डोंगर तुडवत पायी निघाली.

पिशी म्हणाली, “बोलत बसू नकोस, कावळे बघ.” कावळा एकही नव्हता.

२ जानेवारी १९४३, शनिवार

माझा संशय पाकडाशीबाबूंवर आहे. मित्रांच्या पलीकडच्या घरात ते पूजेनंतर राहायला आले. एकटे. सिनेमाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवतात. ज्याला क्लॅरिनेट फुंकता येतं त्याला शंख फुंकायला काय जड?

आज सरळ त्यांनाच गाठलं. “तुमच्या छातीत दम खूप असेल ना?”

“होता,” ते म्हणाले. “आता तांदळाच्या रांगेत उभं राहून संपला. का गं?”

“आणि तुमची गच्ची मित्रांच्या गच्चीला लागून आहे.”

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. “अच्छा! म्हणजे मी हेर. बरं झालं सांगितलंस, मला वाटत होतं या गल्लीत मला कुणी विचारतच नाही.” मग त्यांनी मला कुरमुरे दिले. मी खाल्ले. संशयिताच्या घरी खाऊ नये हे नंतर सुचलं.

५ जानेवारी, मंगळवार

तपास थंड. त्यात घरात उपासमार. बाबांनी आज रांगेत उभं राहून रुई मासा आणला होता, चांगले मोठे तुकडे. माझ्या पानात आलं शेपूट!

“बाकीचा कुठे गेला?”

“मांजराने नेला,” पिशी म्हणाली.

“आपल्याकडे मांजर कुठंय?”

“दत्तांचं सोडून गेलेलं. बिचारं भुकेलेलं असतं.”

पिशी विधवा, स्वतः मासा खात नाही. आईच्या मागे आमच्यासाठी ती शिजवते आणि मग आंघोळ करून सोवळ्यात आपली वेगळी चूल पेटवते. तिला माशाची किंमत कशी कळणार, म्हणून मी गप्प बसले. पण मांजर पितळेची वाटीही घेऊन गेलं की काय? तीही दिसत नाही.

संध्याकाळी पिशीने विचारलं, “टुनू, तुझ्या भूगोलाच्या पुस्तकात ब्रह्मदेशातून आसामात यायला डोंगर किती दाखवलेत?” मी नकाशा काढून दाखवला. बोटाने रेघ ओढत ती बराच वेळ बघत बसली. पिशीला भूगोलाची गोडी! लढाईने माणसं बदलतात ती अशी.

१४ जानेवारी, गुरुवार

पौष संक्रांत. खजुराचा नवा गूळ मिळाला आणि पिशीने पिठे नावाचे तांदळाचे गोड उंडे केले, तांदूळ महाग असूनही. मी मोजत नाही, पण जितके केले तितके आम्ही खाल्ले नाहीत एवढं नक्की. ते मांजर आता चांगलंच गुटगुटीत झालं असेल.

१६ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळी पाकडाशीबाबू बाबांशी बुद्धिबळ खेळायला आले, आणि खेळ रंगात असताना शंख वाजला! आम्ही सगळे कोनाड्यात शिरलो. म्हणजे पाकडाशीबाबू माझ्या शेजारी, त्यांचं कोपर माझ्या बरगडीत, आणि शंख पलीकडे वाजतोय. माझा एकुलता एक संशयित सुटला.

त्यांना राग आला नव्हता. उलट भोंगा वाजत असताना माझ्या कानाशी म्हणाले, “गुप्तहेरीणबाई, नीट ऐकलंत का? पहिली फुंक फुसकी गेली. दुसरी मध्येच तुटली. तिसरीला आवाज लागला. दर वेळी असंच होतं. आपल्याकडची पोर सात वर्षांची असताना शंख फुंकायला शिकते. हा जो कुणी आहे तो मोठेपणी, नुकताच शिकलाय. आपल्याकडचा नाही.”

“म्हणजे जपानी?”

“जपानी हेर तुळशीपाशी उभा राहून शंख वाजवतो? मग त्याला जावईच करून घ्यावं.”

मला अजून एक ऐकू आलं होतं. शंखाच्या जरा आधी, भिंतीपलीकडे कुत्र्याचं केविलवाणं कण्हणं. मी पिशीकडे बघितलं. ती म्हणाली, “माझ्या पोटात गुडगुडलं.”

आपल्या विमानाने काल त्यांची तीन पाडली म्हणतात. गल्लीत जल्लोष झाला, पण नगेनकाकांनी तेवढ्यात ठाण्यावर जाऊन वर्दी दिली. सोमवारी दारोगा येऊन मित्रांचं कुलूप फोडणार. हेराला म्हणे फाशी असते. पिशीने हे ऐकलं आणि तिच्या हातून डाळीचं पातेलं पडलं.

मलाही बरं वाटत नाहीये. कोडं सुटावं असं वाटतं, पण कुणाला फाशी व्हावी असं नाही.

१७ जानेवारी, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

पोलिसांच्या आधी आपण बघायचं, असं ठरवून दुपारी कठडा ओलांडला. बाबा फेरीवर होते, पिशी आडवी झाली होती (असं मला वाटलं). पदर खिळ्याला अडकून टरकला. गच्चीचं दार नुसतं लोटलेलं. जिना झाडलेला, स्वच्छ. खालून कुत्रं गुरगुरलं.

खालच्या खोलीत एक बाई चटईवर बसली होती. बारीक, गालफडं वर आलेली, केसांचा उंच अंबाडा. मांडीवर एक मरतुकडं पिवळं कुत्रं.

“हलू नका!” मी म्हणाले. आवाज कोंबडीसारखा निघाला.

ती मला न्याहाळत म्हणाली, “धत्! तू टुनू ना?”

मी भिंतीला टेकले.

“शिशिर सांगायचा. शेजारची टुनू, सगळ्यांच्या खिडकीत नाक. तिच्यापासून सांभाळ म्हणायचा.” ती हसायला लागली. “मी सांभाळलो. तरी तू आलीस.”

तिला बायकांसारखं बोलताच येत नाही! आपली भाषा ती शिशिरदाच्या तोंडून शिकली, म्हणून बोलते थेट त्याच्यासारखी. मी आलो, मी बसलो, चुकली तरी पुरुषासारखीच, मधूनच धत् आणि साला. डोळे मिटले तर शिशिरदाच नाक्यावर उभा आहे असं वाटेल.

तेवढ्यात मला कोपऱ्यात आमची गोधडी दिसली. आणि पितळेची वाटी!

“हे आमच्या घरातून चोरलंय!” मी ओरडले.

“चोरलेलं नाही. मी दिलंय,” मागून आवाज आला.

जिन्यात पिशी उभी होती. सोवळ्याचं पांढरं लुगडं आणि हातात झाकलेला वाडगा. वाडग्यातून माशाच्या कालवणाचा वास येत होता.

“पिशी! तू सोवळ्यात मासा—”

“आंघोळीला पाणी लागतं, ते गंगेत भरपूर आहे,” पिशी म्हणाली. “बस खाली. खिन मे, तू जेव आधी.”

मग सगळं कळलं. खिन मे शिशिरदाची बायको. दोघं रंगूनहून पायी निघाले, बरोबर हा भुलू कुत्रा. वाटेत शिशिरदाला ताप भरला, पायाला जखम झाली. डोंगरातल्या एका छावणीत आजाऱ्यांची मोटार निघत होती, तिने त्याला तीत चढवलं. तिला जागा नव्हती. ती चालत मागून पोचली तेव्हा कुणी सांगितलं मोटार इकडे गेली, कुणी सांगितलं तिकडे. मग तीच आजारी पडून कितीतरी दिवस पडून होती. शिशिरदाने घराच्या मागच्या दाराची किल्ली तिच्या गळ्यात बांधली होती. चुकामूक झाली तर आमच्या घरी जा, म्हणाला होता. ती आली तर घर बंद.

“मी गच्चीवरून पाहिलं, कुणीतरी मित्रांच्या घरात शिरतंय,” पिशी म्हणाली. “चोर समजून काठी घेऊन कठडा ओलांडला. बघते तर तिला उभंही राहवेना. मग काठी तिलाच दिली, टेकायला.”

“आणि बाबांना का नाही सांगितलं?”

“तुझा बाप वॉर्डन. परक्या माणसाची वर्दी त्याने द्यायलाच हवी. त्याला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात.”

शंखाचं मी खिन मेला विचारलं. तिने भुलूच्या डोक्यावर हात ठेवला. “याला आधी कळतं. थरथरतो, रडतो. मग विमान येतं. रंगूनला पण असंच. तिथे मी याला दटावलो, गप्प बस म्हणालो. शेजारचे सगळे...” तिने हात उघडून दाखवला, रिकामा. “शिशिर म्हणायचा, आमच्या घरी संकट आलं की बायका शंख वाजवतात. मी या घरची बाई. म्हणून वाजवलो.”

“पण त्यामुळे तुम्ही पकडल्या जाल, हे नाही सुचलं?”

“सुचलं. पण लोक मेले तर मी लपून काय करू?”

मी एवढी हुशार, आणि मांजराने खाल्लेल्या माशावर रुसून बसले होते.

१८ जानेवारी, सोमवार

दारोगाबाबू दोन शिपाई आणि पहार घेऊन आले. नगेनकाका पुढे. मित्रांच्या पायरीवर पिशी बसली होती, जपमाळ घेऊन.

“उठा, दिदी,” नगेनकाका म्हणाले. “कुलूप फोडायचंय.”

“कशाला? मागचं दार उघडंच आहे. आत या घरची धाकटी सून आहे, तिचं जेवण चाललंय. थांबा जरा.”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. कान मात्र लाल झाले नाहीत, कारण त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. पिशी किती दूरचं बघते!

खिन मे बाहेर आली तशी गर्दी मागे सरकली. “बर्मी!” नगेनकाका ओरडले. “बघा, मी सांगत नव्हतो? जपान्यांनी पाठवलेली!”

“नगेनबाबू,” पाकडाशीबाबू गर्दीतून म्हणाले, “हेर असती तर आपल्याला झोपू दिलं असतं, मरू दिलं असतं. ही तर जागं करत होती. असले हेर गल्लोगल्ली ठेवा.”

रिक्षावाल्यांपैकी कुणीतरी हो हो म्हणालं. मग आणखी कुणी. मी म्हटलं, “नगेनकाका, शंख ऐकून कोनाड्यात सगळ्यांत आधी कोण पळतं?” बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले, पण हसू दाबत.

दारोगाबाबू वाईट नव्हते, दमलेले होते. खिन मेने गळ्यातली किल्ली दाखवली. ते म्हणाले, “किल्ली कुणीही आणेल. घरमालकाने ओळख दिली तर माझं काही म्हणणं नाही. नाही दिली, तर परवा मला हिला न्यावं लागेल.”

बाबांनी मधुपूरला तार केली. पण मित्रगिन्नी! ज्या बाईने पोटच्या पोराची तसबीर उतरवली, ती हिला ओळख देणार? आणि तिने तर हिला जन्मात पाहिलेलं नाही.

घरी आल्यावर बाबा पिशीला एवढंच म्हणाले, “दिदी, पुढच्या वेळी मला मोठ्या माशाचा निदान वास तरी घेऊ दे.”

२० जानेवारी, बुधवार

मित्रगिन्नी काल दुपारी आल्या. मोठा मुलगा पेट्या उतरवत होता, त्या सरळ आमच्या घरात. खिन मे आमच्या चुलीपाशी होती. ती वाकून पाया पडायला गेली, तर गिन्नींनी पाय मागे घेतले.

“माझा मुलगा कुठे आहे ते सांग. मग तू कोण ते बघू.”

खिन मेने सगळं सांगितलं. गिन्नी खुर्चीवर काठीसारख्या ताठ.

“त्याला एकटं सोडलंस.”

“मोटारीत घातलो. नाहीतर तो मेला असता.”

“आणि आता मेला नाही कशावरून?”

पिशी म्हणाली, “अगं, असं अभद्र बोलू नकोस!” गिन्नींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. “घरातल्या गोष्टी कुणीही पढवेल. किल्ली कुणीही चोरेल. मी कशी मानू?”

दूध उतू जायला लागलं. खिन मे धावली, घाईत उघड्या हातानेच पातेलं उचललं आणि किंचाळली, “मेलो! मेलो गं आई, खलास!” आणि पोळलेली बोटं कानाच्या पाळीला लावून एका पायावर नाचली.

मी हसले, कारण ते इतकं शिशिरदासारखं होतं. तो अस्साच नाचायचा. मग गिन्नींकडे नजर गेली आणि हसू आटलं. त्यांच्या तोंडावरचा सगळा ताठा गळून पडला होता. त्या उठल्या, पुन्हा बसल्या.

“पुन्हा बोल,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“काहीही बोल.”

खिन मे घाबरून म्हणाली, “मी काय केलो?”

गिन्नींनी तोंडाला पदर लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. पिशीने मला हाताला धरून बाहेर नेलं. काय झालं ते मला आत बसून बघायचं होतं.

रात्री पुन्हा विमानं आली. सासूसुना त्यांच्याच घरी होत्या. शंख वाजला, आणि मग भिंतीपलीकडून गिन्नींचा आवाज आला, शंखापेक्षाही मोठा, “मूर्ख पोरी, झालं ना वाजवून! आता आधी आत ये!”

सकाळी दारोगाबाबू आले. गिन्नी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “माझी बउमा, माझी सून आहे.” आणि दार लावून घेतलं.

२३ जानेवारी, शनिवार

सगळं गोड झालं असं लिहिणार होते, पण तसं नाही. गिन्नी तिला वेगळ्या ताटात वाढतात. नावाने हाक मारत नाहीत, ‘अगं ए’ म्हणतात. दोघींचं सुक्या माशाच्या वासावरून कडाक्याचं भांडण झालं. पिशी म्हणते, हे चांगलं लक्षण आहे, परक्याशी माणूस भांडत नाही. मला कळत नाही. रात्री खिन मे गच्चीवर एकटी उभी असते, पूर्वेकडे तोंड करून.

मोठा मुलगा शियालदा स्टेशनावर बर्मा निर्वासितांच्या कचेरीत जाऊन आला. मित्र नावाचे शंभर आहेत, म्हणाले. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचं लिहिलेलंच नाही.

२७ जानेवारी, बुधवार

आज आंघोळ करताना सुचलं! नाव विचारून उपयोग नाही. तापातल्या माणसाचं नाव कोण नीट ऐकतं? पण एवढे डोंगर कुत्रं घेऊन ओलांडणारी बाई कोण विसरेल? आणि शिशिरदा जिवंत असेल तर तो काय करत असेल? तिला शोधत असेल. मग तो लोकांना काय विचारत असेल? कुत्रं!

बाबांना म्हटलं, “मला शियालद्याला न्या.” ते म्हणाले, “अभ्यास?” मी म्हटलं, “हाच अभ्यास.” भुलूलाही घेतलं.

कचेरीत नाही गेले. आसामच्या गाडीने येणाऱ्या स्वयंसेवकांना, परिचारिकांना, जो भेटेल त्याला विचारत सुटले, “कुत्रं घेतलेल्या बाईला शोधणारा कुणी माणूस पाहिलात का?” लोक हसले. एकाने भुलूला बिस्किट दिलं. संध्याकाळपर्यंत काहीच नाही. उद्या पुन्हा.

१ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा गेलो, आणि पुन्हा. बाबा आता कुरकुरत नाहीत, स्वतःच टोपी घालून तयार असतात. पण मला वाटायला लागलंय की मी खिन मेला खोटी आशा लावली. ती रोज दारात उभी राहून विचारते, “काय, टुनू?” आणि मी मान हलवते.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडला!!

एक परिचारिका, चहाचा पेला हातात, भुलूकडे बघून थबकली. म्हणाली, “गुवाहाटीच्या छावणीत एक लंगडा आहे. दवाखान्यातून सोडलं तरी जात नाही, तिथेच हमाली, लिहिणं, काहीही करतो. येणाऱ्या प्रत्येक जथ्याला एकच विचारतो, पिवळं कुत्रं आणि बायको. आम्ही त्याला कुत्रेबाबू म्हणतो. घरी का जात नाही विचारलं तर म्हणतो, घरी मला कुणी नाही, आणि ती आली तर इथूनच येईल.”

“डाव्या भुवईवर खूण आहे?” बाबांनी विचारलं.

“आहे. आणि सारखं धत् म्हणतो.”

ती इथे थांबली त्याच्यासाठी, तो तिथे थांबला तिच्यासाठी! मी प्लॅटफॉर्मवर भुलूच्या गळ्यात पडून रडले. गुप्तहेर रडत नाहीत, पण आज सुट्टी.

घरी येऊन सांगितलं तेव्हा खिन मे जिथे होती तिथेच खाली बसली. गिन्नी आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. ‘घरी मला कुणी नाही’ हे मी सांगायला नको होतं. पण त्या पेटी बांधायला गेल्या होत्या.

८ फेब्रुवारी, सोमवार

दोघी आज आसामच्या गाडीने गेल्या. मोठा मुलगा मी जातो म्हणाला, तर गिन्नी म्हणाल्या, “तुझ्या बोलावण्याने तो येणार नाही. हाकललं मी, आणायलाही मीच जाणार.” भुलूला गाडीत घेईनात, म्हणून तो आमच्याकडे. भोंग्याआधी त्याने रडून सांगितलं की शंख मी वाजवायचा, असं ठरलंय. पिशीने त्याच्यासाठी भात वेगळा काढला तेव्हा बाबा म्हणाले, “मांजराचं काय?” पिशी लाजली. पिशीला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

नगेनकाका स्टेशनावर आले होते, वाटेत खायला केळ्यांचा घड घेऊन. तो घड त्यांनी खिडकीतून आत सरकवला.

बायकांच्या डब्यात तोबा गर्दी. गिन्नींनी कोपर मारून सुनेला खिडकीपाशी जागा करून दिली. दोघींचं भांडण चालूच होतं, पाण्याची सुरई कुणी धरायची यावर. शिट्टी झाली तशी गिन्नींनी मला बोटाने जवळ बोलावलं.

“टुनू, हिचं नाव नीट कसं म्हणायचं गं? गेल्या गेल्या तो विचारेल, हिला काय म्हणून हाक मारतेस. मला सांगता यायला हवं.”

“खिन मे,” मी म्हटलं.

“खीर मे.”

“खीर नाही. खिन.”

“खिन... माई.”

“मे! मे!” खिन मे हसत ओरडली.

गाडी हलली. बाबा माझा हात धरून डब्याबरोबर चालत होते. धुरातून शेवटी एवढंच दिसलं की गिन्नी सुनेच्या तोंडाकडे, ओठांकडे टक लावून बघत आहेत, लहान मूल बाराखडी शिकताना बघतं तसं, आणि पुन्हा पुन्हा म्हणत आहेत.